वाळूत चालणारी जुनी गाडी

आज पापड-मसाला नाही, कर्जाचे हप्ते नाहीत, आज गाडीचं बोलायचं आहे. तेही नव्या नाही, दोन लाख किलोमीटर पळून आलेल्या जुन्या गाडीचं, आणि ती वाळूत चालेल अशी कशी करून घ्यायची त्याचं. आमच्या गटानं जुनी बोलेरो घेतल्यापासून आजूबाजूच्या तीन-चार गटांनी विचारलं, ती परवडते का, आम्ही घ्यावी का. एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथं सगळ्यांना एकदम सांगतो.

आमची वाडी मुरूड तालुक्यातली. डांबरी रस्ता सुरूच्या बनाच्या अलीकडंच संपतो. तिथून घरांपर्यंत पाऊण किलोमीटर वाट आहे आणि ती सगळी वाळूची. मिनीडोअर त्या वाटेला वळत नाही, रिक्षा आली तर दहा पावलांत रुतते. गॅसची टाकी, रेशनचं धान्य, जेवणाच्या ऑर्डरीची पातेली, सुक्या मासळीच्या गोणी, सगळं डोक्यावर नाहीतर हातगाडीवर. १०८ नंबरला फोन केला तर रुग्णवाहिका येते, पण ती उभी राहणार डांबरावर. आजारी माणसाला तिथवर आणणं आपलं काम. गटात गाडीचा विषय निघाला तो या पाऊण किलोमीटरमुळं. नाहीतर शहरात जायला एसटी आहेच.

गाडी घ्यायची ठरली तशी वाडीतली पोरं मोबाईल घेऊन आली. वाळवंटात पळणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ. माणसाच्या कमरेएवढी चाकं, उंच उचललेली बॉडी, टपावर दिव्यांची रांग, पुढं लोखंडी पाइपांचा पिंजरा. म्हणाली, मावशी, वाळूत जायचं तर अशी करायला पाहिजे. आम्ही बघितलं, पोरांचा हिरमोड केला नाही, पण मेस्त्रीकडं गेल्यावर पहिलंच विचारलं की यातलं वाळूला नक्की काय लागतं. मेस्त्री हसला. म्हणाला, वाळूला लागते कमी हवा आणि हलका पाय. बाकी सगळं फोटोला लागतं.

हे त्यानंच शोधलं अशातला भाग नाही. शंभर वर्षांपूर्वी राल्फ बॅगनोल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये नोकरीला होता. तो आणि त्याचे सोबती सुट्टी मिळाली की फोर्ड कंपनीच्या साध्या गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरायचे. चारही चाकांना जोर देणारी गाडी नव्हती ती, मागच्या दोन चाकांवर चालणारी. त्यांनी केलं काय? गाडीतलं नको ते वजन काढून टाकलं. वाळू आली की चाकांतली हवा कमी केली. रुतल्यावर चाकाखाली घालायला लोखंडाच्या लांब पन्हळी बरोबर ठेवल्या. रेडिएटरचं पाणी उकळून वाया जाऊ नये म्हणून त्यातून एक नळी काढून पाण्याच्या डब्यात सोडली, म्हणजे वाफ डब्यात थंड होऊन परत पाणी व्हायची. पुढं १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात त्यानं वाळवंटात फिरणारी लष्करी तुकडी उभी केली, तिनंही याच युक्त्या वापरल्या. आणि १९४१ मध्ये वाळू वाऱ्यानं कशी हलते यावर त्यानं पुस्तक लिहिलं, ते अभ्यासक आजही वापरतात. आपल्या बोलेरोच्या बॉनेटखाली ती पांढरी डबी असते ना कुलंटची, तिचं कामही त्याच्या डब्यासारखंच. तेव्हा वाळवंटाची गाडी म्हणजे आपल्याला न पेलणारी गोष्ट आहे असं समजू नका.

हवा कमी केल्यानं काय होतं ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. खाडीच्या चिखलात खुबे काढायला गेलात की टाच रोवून चालता का? रुतून बसाल. सगळा तळवा टेकवून, पाय पसरून चालता. टायरचंही तसंच. कडक फुगलेलं टायर टाचेसारखं वाळू कापत खाली जातं. हवा काढली की टायर खाली पसरतं, तेवढंच वजन जास्त जागेवर पडतं आणि गाडी वरच्या वर राहते. आम्ही डांबर संपलं की थांबतो. चारही चाकांची हवा तिसाच्या आसपास असते ती अठरावर आणतो. पंधराच्या खाली कधी नाही, कारण मग वळताना टायर रिंगवरून सुटायची भीती. त्या हवेवर गाडी वीसच्या वर पळवायची नाही. आणि परत डांबरावर आलं की पंपानं हवा भरायची, मगच पुढं. कमी हवेचं टायर डांबरावर वेगानं पळवलं तर ते तापतं आणि फुटतं. हवा मोजायचा छोटा काटा आणि बॅटरीवर चालणारा पंप, आमच्या मते या गाडीवर केलेला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामाचा खर्च हाच.

आता खरेदीकडं येऊ, कारण खरे पैसे बुडतात ते तिथं. जुनी गाडी घेताना काट्यावरचा आकडा सगळ्यांत शेवटी बघा. एका दलालानं आम्हांला ऐंशी हजार किलोमीटर चाललेली म्हणून एक गाडी दाखवली. आमच्यातल्या एका वहिनीनं खाली वाकून ब्रेकच्या पायट्याचं रबर बघितलं, ते गुळगुळीत झालेलं. स्टिअरिंगचं कातडं चकचकीत, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली. म्हणाली, ऐंशी हजारांत एवढं झिजत नाही. ती गाडी आम्ही सोडली. पुढं घेतली तिचा काटा दोन लाख चौदा हजार दाखवत होता, पण मालकानं प्रत्येक वेळी ऑइल बदलल्याची बिलं फाइलला लावून ठेवलेली. इंजिन दोन लाखांनी संपत नाही, वेळेवर ऑइल न मिळाल्यानं संपतं.

माठ घेताना आपण टिचकी मारतो. टणटण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर चिरलेला. गाडीच्या चेसिसलाही तेच करा. बोलेरोसारख्या गाडीला खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असतो, सगळी गाडी त्यावर उभी. लहान हातोडीनं तो ठिकठिकाणी ठोकून बघायचा, विशेषतः मागच्या पाट्यांचे हँगर जिथं जोडलेले असतात तिथं. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, की किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घ्यायची नाही. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, आतून कुजलेला सांगाडा बदलायचा खर्च गटाला पेलत नाही. आपल्या किनाऱ्यावरच आयुष्य काढलेल्या गाडीपेक्षा घाटावरची गाडी घ्यावी असं आम्हांला वाटतं. वरून ओरखडे असले तरी चालतील, खालून कोरडी पाहिजे.

इंजिन थंड असताना बघायला जा. मालकानं आधीच चालू करून गरम ठेवलं असेल तर तासाभरानं परत या. चालू झाल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. ऑइलची पट्टी काढा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर तिथूनच घरी या. आणि पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २०२१ च्या जुलैत महाडला पाणी आलं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलं आहे. अशा गाड्या धुऊन-पुसून कुठं ना कुठं विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाचा डाग राहिलेला असतो. सीटच्या खालच्या पट्ट्या, पायाखालची चटई उचलून पत्रा बघा.

कागद म्हणजे आरसी, विमा, पीयूसी एवढंच नव्हे. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. चेसिस नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघायचा. जुनी चलनं थकली आहेत का ते बघायचं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी पुढचा हा खर्च किमतीत धरा. आपल्या जिल्ह्याचं आरटीओ पेणला आहे, एक दिवस मोडतो, पण दलालाच्या भरवशावर कागद सोडू नका. विम्याचं तर चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवायचं असतं. आमची गाडी गटातल्या एकीच्या नावावर आहे. पण ती गटाच्या पैशांची आहे, कुणी किती घातले, ती विकली तर पैसे कसे वाटायचे, हे ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. नाव जिच्यावर आहे तिच्या घरच्यांनाही बसवून वाचून दाखवलं. हे आधी केलेलं बरं असतं.

गाडी हातात आल्यावर मेस्त्रीनं यादी काढली ती दोन पानांची. सगळं एकदम करायला पैसे नव्हते, म्हणून क्रम लावला. जी गोष्ट बिघडली तर माणूस मरतो ती आधी. मग जी बिघडली तर गाडी वाटेत थांबते ती. मग आराम. दिसण्याचं काहीच नाही. म्हणून पहिल्या महिन्यात ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट आणि टायर. टायर घेताना पोरांनी परत खोल नक्षीची मोठी टायरं दाखवली. खोल नक्षी चिखलात चालते, वाळूत ती फावड्यासारखी खणत खाली जाते. आम्ही कंपनीच्याच मापाची, मध्यम नक्षीची घेतली. मोठ्या मापाचं चाक घातलं की स्पीडचा काटा चुकीचा दाखवतो, ब्रेकवर ताण येतो आणि कायद्यातही बसत नाही.

दुसऱ्या महिन्यात थंड राहण्याची व्यवस्था. वाळूत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालते, इंजिन जोरात फिरतं, आणि समोरून वारा लागत नाही. म्हणजे आपण भर उन्हात चुलीसमोर बसल्यासारखं. रेडिएटर उतरवून साफ केला, कडक झालेल्या रबरी नळ्या आणि पट्टा बदलला, नळाच्या पाण्याऐवजी कुलंट भरलं. एअर फिल्टर जिथं वर्षाला बदलायचा तिथं आम्ही सहा महिन्यांनी बदलतो, मध्ये झटकतो. बारीक वाळू इंजिनात गेली तर घासणीसारखं काम करते.

मागच्या पाट्यांतलं एक पान तडकलं होतं, ते बदललं. मेस्त्री म्हणाला होता एक पान वाढवून गाडी उंच करू. आम्ही नको म्हटलं. गाडी उंच केली की वजन वर जातं. आपल्याला कार्लेखिंडीतून वळणं घेत जायचं असतं, आत बाया बसलेल्या, मागं पातेली. तिथं उंच गाडी कलंडायला वेळ लागत नाही. चारचाकी जोराची, म्हणजे फोर बाय फोर घ्यावी का, हेही बऱ्याच जणी विचारतात. पाऊण किलोमीटरसाठी नको. जुन्या फोर बाय फोरमध्ये बिघडायला दुप्पट सामान असतं, आणि ती आहे म्हणून माणूस नको तिथं गाडी घालतो.

कायद्याचं दोन शब्दांत सांगतो, कारण यात गटाचे पैसे जातात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीनं बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. दंड प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पुढच्या लोखंडी पिंजऱ्यावरही मनाई आहे. त्याचं कारणही चांगलं आहे, तो पिंजरा धडकेचा मार पायी चालणाऱ्याला आणि आत बसलेल्याला देतो. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवायची नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आम्ही कुणाकडूनही भाडं घेत नाही, डिझेल गटाच्या खर्चात पडतं.

आता गंज. वाळवंटातल्या लोकांना हे दुखणं नाही, त्यांची वाळू कोरडी. आपली वाळू खारी, हवा खारी. त्यात आपण गाडीत मासळी ठेवतो. बर्फ वितळून जे पाणी गळतं ते मिठाचंच पाणी. ते पत्र्याच्या सांध्यात शिरून आतून खातं. म्हणून मागच्या भागात कडा उचललेला प्लास्टिकचा मोठा ट्रे ठेवला, नळी लावून पाणी बाहेर काढलं. आठवड्यातून एकदा गाडी खालून धुवायची, तीही गोड्या पाण्यानं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरी मचूळ असतात, त्या पाण्यानं धुणं म्हणजे मीठच चोळणं. चेसिसला खालून पाणी जायची भोकं असतात, ती वाळूनं बुजतात, तार घालून मोकळी करायची. काही जण चेसिसला जळकं ऑइल फासतात. त्यानं रबराचे बुश फुगतात आणि तेच ऑइल ठिबकून वाडीच्या जमिनीत, मग विहिरीत. आम्ही गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, गाडी दोन दिवस उन्हात सुकवली, प्रायमर मारला आणि वर काळं कोटिंग. गंजावरच कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि वरून चकचकीत दिसत असताना आतून पत्रा जातो. हे काम पावसाळ्याआधी दर वर्षी.

रुतल्यावर काय करायचं ते गटातल्या प्रत्येकीला यायला हवं, गाडी चालवणारीला एकटीला येऊन उपयोग नाही. चाक जागच्या जागी फिरलं की लगेच पाय काढायचा. रेस दिली की गाडी खाली जाते, शेवटी पोटावर बसते, मग वीस माणसं लागतात. खाली उतरायचं, चाकांपुढची वाळू हातानं-फावड्यानं काढायची, हवा आणखी थोडी कमी करायची, चाकाखाली फळ्या नाहीतर माडाच्या झावळ्या घालायच्या, आणि ज्या चाकोरीतून आलो त्याच चाकोरीतून मागं काढायची. पुढं रेटायची नाही. जॅक वाळूत घुसतो, म्हणून त्याच्याखाली घालायला जाड फळीचा तुकडा गाडीत कायम. ओढायचा हूक चेसिसला बोल्ट केलेला असावा, बंपरला नाही. आणि ओढताना साखळी वापरू नका, तुटली तर गोळीसारखी उडते. जाड पट्टा वापरा, आणि पोरांना लांब उभं करा. चालवताना अचानक ब्रेक मारायचा नाही, गाडी आपसूक थांबू द्यायची, आणि शक्यतो उतारावर.

याचा उपयोग काय झाला असं विचाराल, तर गेल्या श्रावणातलं सांगतो. रात्री दोनच्या सुमाराला वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, दिवस अजून भरले नव्हते. १०८ ला फोन केला, गाडी निघाली म्हणाले. पाऊस धो धो. पूर्वी अशा वेळी खुर्चीला बांबू बांधून चौघं उचलायचे आणि पाऊण तास लागायचा. आमच्यातल्या जिनं लायसन्स काढलंय तिनं गाडी काढली, दोघींनी विजेरीच्या उजेडात हवा उतरवली, सासूबाई मागं मांडीवर डोकं घेऊन बसल्या. ओली वाळू कोरडीपेक्षा घट्ट असते, पण बनाच्या तोंडाशी पाण्यानं वाट कापलेली होती. तिथं फळ्या घातल्या, गाडी दुसऱ्या गिअरला एका दमात काढली. बारा मिनिटांत डांबरावर. रुग्णवाहिका आमच्या नंतर आली. बाळ अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात झालं, दोन किलोच्या आतलं, काही दिवस पेटीत होतं. आता रांगतंय.

एक गोष्ट मात्र पोरांना आणि पाहुण्यांना आम्ही ठणकावून सांगतो. ही गाडी वाटेसाठी आहे, समुद्राच्या पुळणीवर पळवायला नाही. काशीदला, नागावला पर्यटकांच्या गाड्या पाण्याकडेला रुततात आणि भरती येते, हे आपण दर मोसमाला बघतो. ओली पुळण वरून फरशीसारखी दिसते, गाडी थांबली की चाकाखालचं पाणी सुटतं आणि चाक बसतं. भरतीची वेळ आपल्या सासवा तिथीवरून सांगतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या आसपास. पाहुण्याला हे माहीत नसतं. आणि दिवेआगर, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासविणी अंडी घालायला येतात. दीड-दोन महिने ती अंडी वाळूत असतात. वरून चाक गेलं तर घरटं दबतं, आणि पिल्लं बाहेर आली तर चाकोरीत अडकून पाण्यापर्यंत पोचत नाहीत.

शेवटचं, वहीचं. गाडीत एक वही बांधून ठेवली आहे. कोण गेली, कुठं, किती किलोमीटर, किती डिझेल, काय आवाज आला. आवाजाचा रकाना आम्ही मुद्दाम ठेवला आहे. "डावीकडं मागं कट् कट्" एवढं लिहिलेलं असलं तरी मेस्त्रीला पुरतं. किल्ली दर महिन्याला एका घरी, खिळा दाराच्या आत उजव्या हाताला, म्हणजे अंधारातही सापडते. या महिन्यात ती बनाजवळच्या पहिल्या घरी आहे. ज्या गटांना गाडी खालून बघायची असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं, तेव्हा आम्ही ती धुतो. येताना जुनी साडी नेसून या, झोपून बघावं लागतं.